पैसे मुलाचे मिळतात, विषयांचे नाही

पत्र:

ताई, मी नर्स आहे. दीड वर्षापूर्वी हेल्थ अँड केअर वर्कर व्हिसावर इंग्लंडमध्ये रेडिंगला आले. यंदा जानेवारीत नवरा आणि मुलगा पुण्याहून आले. मुलाचा जन्म मार्च २००९ चा. गेल्या वर्षी स्टेट बोर्डाच्या दहावीला ९१ टक्के मिळाले, इंग्रजी माध्यम, गणितात ९६ आणि इंग्रजीत ८४. अकरावी सायन्स निम्मी झाली होती, तेवढ्यात त्याला इकडे आणलं. आता सप्टेंबरसाठी सिक्स्थ फॉर्म कॉलेजात, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीच्या कॉलेजात, अर्ज केलाय. ते म्हणतात, पहिल्या वर्षापासून सुरुवात कर, विषय तीनच घे, आणि इंग्रजीचं जीसीएसई, म्हणजे इथली दहावी, पण कर. आम्हाला फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायो चारही हवेत, कारण इंजिनिअरिंग की मेडिकल हे ठरलेलं नाही. आमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदत घ्यायची नाही) लिहिलंय, तर फी भरावी लागेल का? ओळखीचे एक जण म्हणतात भरावी लागेल. शेजारीण म्हणते बीटेकला घाला, दुसरी म्हणते त्याचे पैसे सरकार बंद करतंय. आणि ८४ मार्क असताना माझ्या मुलानं दहावीचं इंग्रजी परत करायचं, याचं मला फार वाईट वाटतंय. तो काही बोलत नाही, पण खोलीतून बाहेर येत नाही.

– एक आई, रेडिंग

उत्तर:

ताई, आधी फीचं सांगते, म्हणजे आज रात्री तुम्हाला झोप लागेल. तुमच्या मुलाला शिकवणीची फी भरावी लागणार नाही.

‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ या शिक्क्यानं आपल्या कितीतरी घरांत विनाकारण धडकी भरलेली मी पाहिली आहे. त्या ‘पब्लिक फंड्स’ची एक ठरलेली यादी आहे. त्यात युनिव्हर्सल क्रेडिट, घरभाड्याची मदत, बालभत्ता असल्या गोष्टी येतात. सरकारी शाळा-कॉलेजचं शिक्षण त्या यादीत नाही. इंग्लंडमध्ये १६ ते १९ वयाच्या मुलांचं शिक्षण शिक्षण खात्याच्या पैशातून चालतं. त्यासाठी पात्र कोण, याच्या नियमांत एक गट स्पष्ट लिहिलेला आहे: इथं राहायची परवानगी असलेल्या आईवडिलांसोबत आलेली किंवा त्यांच्याकडे आलेली १८ वर्षांखालची मुलं. तुमचा लेक नेमका त्याच गटातला आहे. ‘आधी तीन वर्षं इथं राहिलेलं असावं’ ही अट या गटाला नाही. तुमच्या ओळखीच्यांनी बहुधा मोठ्या माणसांच्या कोर्सचे किंवा अप्रेंटिसशिपचे नियम वाचले असावेत, तिथे तीन वर्षांची अट खरोखरच आडवी येते. स्टुडंट व्हिसावर एकट्यानं आलेल्या मुलाचा मामला पूर्ण वेगळा असतो. तो तुमचा नाही.

म्हणून कॉलेज जेव्हा पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड, तुमच्या व्हिसाचा पुरावा आणि घराचा पत्ता मागेल, तेव्हा संशय आला असं समजू नका. या मुलासाठी सरकारचे पैसे आम्ही का घेतले, याचा कागद त्यांना जपून ठेवावा लागतो, कारण पुढे हिशेबतपासनीस तो मागतात. मी अनेक वर्षं इथल्या एका कॉलेजच्या प्रवेश विभागात काम केलं आहे. ‘आमच्याकडेच एवढे कागद का मागता?’ असं विचारणाऱ्या आईवडिलांचा दुखावलेला चेहरा मला चांगला ओळखीचा आहे. कागद सगळ्यांकडेच मागतात, आपल्याकडे दाखवायला जरा जास्त असतात इतकंच.

आणि ज्या मुलाचे पैसे सरकारकडून येतात त्याच्याकडून कॉलेजला शिकवणीची, नोंदणीची किंवा पहिल्या परीक्षेची सक्तीची फी घेता येत नाही. सहली, स्वतःजवळ ठेवायच्या वस्तू, परत मिळणारी अनामत, एवढंच मागता येतं. मुलगा विनाकारण वर्गात आलाच नाही, कामच पूर्ण केलं नाही आणि मग परत परीक्षेला बसायचं म्हणाला, तर त्या परीक्षेचे पैसे मागू शकतात. ‘मी ओळखीनं फी माफ करून देतो’ म्हणणारा कुणी भेटला तर त्याला दारातूनच परत पाठवा. जी फी मुळात नाही, तिच्या माफीचे पैसे मोजलेलं एक कुटुंब मी स्वतः पाहिलं आहे.

आता तुमच्या मनातल्या खऱ्या गाठीकडे येते. तीनच विषय का, पहिल्यापासून का, इंग्रजी परत का, या तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. आपण मार्क आणि विषय या हिशेबात विचार करतो. इथलं कॉलेज मुलाचं वय आणि तास या हिशेबात विचार करतं. त्यांना तसा विचार करावाच लागतो, कारण पैसे तसेच येतात.

पूर्वी इथं कॉलेजला प्रत्येक कोर्समागे पैसे मिळायचे. जितके जास्त दाखले तितके जास्त पैसे, म्हणून मुलांना पुढे उपयोगी न पडणारे बारके बारके कोर्स करायला लावले जायचे. प्राध्यापक ॲलिसन वुल्फ यांच्या २०११ च्या अहवालानं त्यावर बोट ठेवलं आणि २०१३ पासून पद्धत बदलली. आता पैसे एका मुलामागे मिळतात. मुलगा १६ किंवा १७ वर्षांचा असेल आणि वर्षाचे ठरलेले तास ५८० किंवा त्याहून जास्त असतील, तर कॉलेजला पूर्ण दर मिळतो. २०२५-२६ साठी तो ५,१०५ पौंड आहे. ५८० च्या खाली गेलं तर दर उतरतो. पण ५८० च्या वर कितीही गेलं, तरी साधारण तोच.

आता बेरीज करून बघा. ए लेव्हल म्हणजे इथला बारावीच्या पातळीचा एकेक विषय. एका ए लेव्हलचे शिकवणीचे तास दोन वर्षांत मिळून ३६०, म्हणजे वर्षाला १८०. तीन विषयांचे ५४०. त्यात ट्यूटरचा तास, करिअरचं मार्गदर्शन वगैरे ४० तास धरले की झाले ५८०. ही सगळी रचनाच तीन ए लेव्हलच्या मापानं बेतलेली आहे. चौथा विषय घेतला की ७२० तास होतात, आणि वरच्या १८० तासांच्या शिक्षकाचा पगार कॉलेजनं स्वतःच्या खिशातून काढायचा. चार विषय चांगल्या ग्रेडनं पार पाडणाऱ्या मुलांसाठी थोडी वाढीव रक्कम आहे, आणि गणितात फार पुढे असलेल्या मुलांना फर्दर मॅथ्स चौथा विषय म्हणून बरीच कॉलेजं देतात. पण नुकताच देश बदललेल्या मुलाला पहिल्याच दिवशी चार सायन्स कुणी देणार नाही. तुमच्या लेकाच्या खात्यात तर इंग्रजीचेही तास आहेत. निधीच्या नियमानुसार २०२५-२६ पासून इंग्रजीसाठी वर्षाला किमान १०० तास शिकवणं बंधनकारक झालं आहे. तीन ए लेव्हलचे ५४० आणि हे १००, झाले ६४०. चार विषय घेतले तर ८२०. याला कॉलेजची कंजुषी म्हणता येणार नाही, मुलाच्या आठवड्यातच एवढी जागा नसते.

त्यात तुमच्या मुलाच्या बाबतीत अजून एक गोष्ट आहे. ती तुम्हाला कुणी सांगितली नसणार, पण माझ्या मते या सगळ्यात तीच सर्वांत महत्त्वाची आहे: त्याची जन्मतारीख.

इथं वय ३१ ऑगस्टला मोजतात. त्या दिवशी मूल १६, १७ किंवा १८ वर्षांचं असेल तर त्या वर्षाचे पैसे मिळतात. तुमचा मुलगा ३१ ऑगस्ट २०२६ ला १७ वर्षांचा असेल. त्याच्या वर्गातली बहुतेक मुलं १६ ची असतील. पहिलं वर्ष काहीच फरक पडणार नाही. दुसऱ्या वर्षी, ३१ ऑगस्ट २०२७ ला तो १८ चा असेल, आणि १८ वर्षांच्या मुलाचा दर कमी आहे. २०१४ मध्ये सरकारनं या वयाचा दर १७.५ टक्क्यांनी कापला. ही मुलं तीन वर्षं शिकतात, त्यांना एवढ्या तासांची गरज नसते, असं तेव्हाचं म्हणणं होतं. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. तिसरं वर्ष ज्या मुलांना लागतं, ती आजारपणातून उठलेली असतात, पहिल्या झटक्यात अडखळलेली असतात, नाहीतर तुमच्या मुलासारखी अर्ध्या वाटेवर देश बदललेली असतात. जास्त शिकवणीची गरज त्यांनाच असते. नियम मात्र आजही तोच आहे. १८ वर्षांच्या मुलासाठी ४८५ तास झाले की त्या वयाचा पूर्ण दर मिळतो.

याचा तुमच्यासाठी अर्थ काय? ए लेव्हलचे तास परीक्षेनं बांधलेले असतात, त्यामुळे त्याच्या तीन विषयांची शिकवणी दुसऱ्या वर्षी सहसा कमी होणार नाही. कमी पैशांत कॉलेजलाच ती भागवावी लागेल. पण ‘चुकलं तर परत पहिल्यापासून करू’ ही सोय सोळा वर्षांच्या मुलाला जितकी असते तितकी त्याला नाही. समजा २०२६ ला सुरू करून वर्षभरानं लक्षात आलं की हे जमत नाही, आणि सप्टेंबर २०२७ ला दुसराच कोर्स घ्यायचा ठरवलं. तेव्हा तो १८ चा असेल, राहण्याच्या हक्काची तपासणी नव्यानं होईल, आणि घ्यायचं की नाही हे कॉलेज दहादा विचार करून ठरवेल. १९ झाल्यावर फक्त आधी सुरू केलेला अभ्यासक्रम पूर्ण करायलाच पैसे मिळतात, नवा सुरू करायला या निधीतून मिळत नाहीत. आणि तोच कोर्स मार्क सुधारायला परत करणं हे तर साधारणपणे या पैशात बसतच नाही. मोठं आजारपण किंवा हाताबाहेरचं काही घडलं तरच अपवाद होतो. (इंग्रजी-गणिताचं जीसीएसई मात्र याला अपवाद आहे, ते परत करता येतं.) म्हणून आत्ताची निवड शांतपणे करा. पुढचे चार-पाच महिने तुमच्या हातात आहेत, ही चांगली गोष्ट आहे.

अकरावी वाया गेली का? कागदावर हो. ए लेव्हलची परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकत्र होते आणि प्रत्येक परीक्षा मंडळाचा अभ्यासक्रम वेगळा असतो, तेव्हा पुण्याची निम्मी अकरावी इथं कुठे जोडता येत नाही. थेट दुसऱ्या वर्षात बसवा म्हणून भांडू नका. ते तुम्ही जिंकलात तरी तुमचा मुलगा हरेल. पण त्यानं तिथं शिकलेलं कॅल्क्युलस किंवा मोलचं गणित कुठे गेलेलं नाही. पहिल्या दोन महिन्यांत वर्गातली मुलं जिथे अडतात तिथे तो निवांत असेल, आणि नव्या देशातल्या पहिल्या दोन महिन्यांत मुलाला काहीतरी सहज येणं याची किंमत मी तुम्हाला काय सांगू.

आता इंग्रजी. तुमचं वाईट वाटणं मला समजतं, म्हणून हे जरा सविस्तर लिहिते.

२०१४ पासून इथं नियम आहे की १६ नंतर शिकणाऱ्या मुलाकडे इंग्रजी आणि गणितात जीसीएसईचा ग्रेड ४ (साधारण पास) किंवा त्याच्या तोडीचं काही नसेल, तर त्यानं ते विषय पुढे शिकायलाच हवेत. याला निधीची अट म्हणतात आणि ती नावाप्रमाणेच आहे. अट पाळली नाही तर कॉलेजचे पैसे कापले जातात. म्हणजे समोरच्या बाईंना तुमच्या मुलाचं इंग्रजी कच्चं वाटतंय म्हणून त्या हे सांगत नाहीयेत. त्यांच्यासमोरच्या फॉर्मवर एक रकाना आहे, आणि त्या रकान्यात त्यांना ‘ग्रेड ४ च्या तोडीचं’ असं लिहिता आलं पाहिजे.

ते लिहिता येईल का? परदेशी दाखला तोडीचा आहे की नाही हे कॉलेजनं ठरवायचं असतं आणि त्यासाठी यूके ईएनआयसी या संस्थेच्या तुलनेचा आधार घेतात. पूर्वी तिचं नाव नॅरिक होतं, जुनी माणसं अजून तेच म्हणतात. तुम्ही स्वतः पैसे भरून तिथून तुलनेचं प्रमाणपत्र काढू शकता. गणितात ९६ असताना तो विषय सुटायला ते पुरेसं ठरण्याची चांगली शक्यता आहे. ते नक्की काढा आणि गणिताबद्दल कॉलेजशी स्पष्ट बोला, कारण गणितही परत करावं लागलं तर आणखी १०० तास गेले. इंग्रजीच्या बाबतीत मात्र मान्यता मिळेलच असं धरून चालू नका. इंग्रजी माध्यमाच्या दहावीलाही बऱ्याच ठिकाणी जीसीएसई इंग्लिश लँग्वेजच्या जागी घेत नाहीत.

आणि खरं सांगू? मिळाली तरी मी तुम्हाला जीसीएसई करायलाच सांगेन. इथं पुढे प्रत्येक वळणावर ते विचारतात. बरीच विद्यापीठं प्रवेशाच्या अटीत ग्रेड ४ किंवा ५ मागतात, शिक्षक व्हायचं तर ते लागतंच, नोकरीच्या अर्जात त्याचा वेगळा रकाना असतो. तुम्ही नर्स आहात, इथं नोंदणीसाठी तुम्हालाही इंग्रजीची परीक्षा द्यावी लागली असेल. तेव्हा तुम्हाला इंग्रजी येत नव्हतं का? येत होतं. तुमच्या हातात इथं चालणारा कागद नव्हता, एवढंच. मुलाला हेच सांगा, आणि ते तुमच्याकडूनच त्याला ऐकू द्या. सतरा वर्षांच्या मुलाला शंभर उपदेशांपेक्षा ‘मलाही परत परीक्षेला बसावं लागलं होतं’ हे आईचं एक वाक्य पुरतं.

सोयीची गोष्ट अशी की इंग्रजी आणि गणिताची जीसीएसई परीक्षा उन्हाळ्याखेरीज नोव्हेंबरमध्येही असते, १६ पूर्ण झालेल्यांसाठी. सप्टेंबरमध्ये कॉलेज सुरू झाल्यावर इंग्रजीच्या शिक्षकांना पहिल्याच आठवड्यात विचारा की नोव्हेंबरला बसू देता का. तोपर्यंतच्या महिन्यांत त्यानं जुन्या प्रश्नपत्रिका पाहाव्यात. आपल्याकडे इंग्रजीचा पेपर म्हणजे धड्यावरची उत्तरं आणि व्याकरण. इथं न पाहिलेला उतारा देऊन विचारतात की लेखकानं हा शब्द का वापरला, ही भीती कशी उभी केली. ८४ मार्कांचा मुलगाही पहिल्यांदा तिथे गडबडतो. भाषा कच्ची असते म्हणून नाही, असा प्रश्न त्याला कधी कुणी विचारलेलाच नसतो म्हणून.

चार विषयांच्या हट्टाबद्दल अजून दोन शब्द. पीसीएमबी ही आपल्याकडची चांगली सोय आहे, सगळी दारं उघडी राहतात. इथं तीच सोय तीन विषयांत थोड्या वेगळ्या तऱ्हेनं बसवावी लागते. विद्यापीठं साधारण तीन ए लेव्हलवरच जागा देतात, चौथ्याचे गुण त्या हिशेबात सहसा धरत नाहीत. मेडिकलला केमिस्ट्री आणि बहुतेक ठिकाणी बायो लागतं. इंजिनिअरिंगला मॅथ्स आणि बहुतेक ठिकाणी फिजिक्स. केमिस्ट्री, मॅथ्स, बायो घेतलं तर मेडिकल, फार्मसी, बायोकेमिस्ट्री, केमिकल इंजिनिअरिंगची काही दारं उघडी राहतात. केमिस्ट्री, मॅथ्स, फिजिक्स घेतलं तर मेडिकल जवळजवळ मिटतं, बाकी पुष्कळ काही उघडं राहतं. म्हणजे खरा प्रश्न फिजिक्स की बायो एवढाच आहे, आणि तो मुलालाच विचारा. पुण्याच्या अकरावीत कुठल्या तासाला त्याला घड्याळाकडे बघावंसं वाटत नव्हतं, असं विचारून बघा.

हे ठरवताना एक कटू गोष्ट डोळ्यांसमोर ठेवा. कॉलेज फुकट आहे म्हणजे विद्यापीठही इथल्या मुलांच्या दरात मिळेल असं नाही. ते नियम स्वतंत्र आहेत. इंग्लंडमधल्या मुलांसाठी विद्यापीठाची फी २०२५-२६ ला वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड आहे आणि त्यासाठी सरकारी कर्ज मिळतं. पण आईवडिलांच्या कामाच्या व्हिसावर असलेल्या, कायम वास्तव्य न मिळालेल्या मुलाला विद्यापीठं सहसा परदेशी धरतात. तिथे फी कितीतरी पट होते आणि कर्ज नाही. मेडिकलच्या जागांत परदेशी विद्यार्थ्यांचा वाटाच साधारण ७.५ टक्के आहे. म्हणून मेडिकलचं स्वप्न पाहताना तुमचं कायम वास्तव्य कोणत्या तारखेला येऊ शकतं आणि त्याची बारावी, म्हणजे इथलं दुसरं वर्ष, कधी संपतं, या दोन तारखा एका कागदावर शेजारी लिहून बघा. मधे एखादं वर्ष थांबावं लागेल असं दिसलं तर ते आत्ताच दिसलेलं बरं. यासाठी वकिलाचा किंवा इमिग्रेशनच्या अधिकृत सल्लागाराचा एक तास विकत घ्या. तिथे पैसे खर्च करणं योग्य आहे.

बीटेकबद्दल तुमच्या दोन्ही शेजारणी अर्ध्या अर्ध्या बरोबर आहेत. आधी हे की इथलं बीटेक म्हणजे आपलं इंजिनिअरिंगचं बी.टेक. नव्हे. ती ए लेव्हलच्या पातळीची, कामाच्या अंगानं जाणारी पात्रता आहे. मोठी असेल तर तीन ए लेव्हलएवढी, छोटी असेल तर एका एवढी. चांगली बीटेक केलेली मुलं विद्यापीठात जातात, त्यात कमीपणा काही नाही.

पैसे बंद होण्याचं प्रकरण असं. १९ च्या आतल्या मुलांसाठी सरकारनं मान्य केलेल्या पात्रतांची यादी असते, त्या यादीबाहेरच्या कोर्सला निधी मिळत नाही. २०२० ला टी लेव्हल नावाचा नवा प्रकार सुरू झाला. एकच टी लेव्हल तीन ए लेव्हलएवढं असतं आणि त्यात किमान ३१५ तास, म्हणजे ४५ दिवस, प्रत्यक्ष कंपनीत काम करायचं असतं. त्याच्याशी विषय जुळणाऱ्या जुन्या पात्रतांचा निधी काढून घ्यायचं आधीच्या सरकारनं ठरवलं, नव्या सरकारनं २०२४ ला त्याचा फेरविचार केला, काहींना मुदत वाढवून दिली, आणि ऑक्टोबर २०२५ च्या श्वेतपत्रिकेत व्ही लेव्हल हा आणखी एक प्रकार जाहीर झाला, जो २०२७ पासून टप्प्याटप्प्यानं यायचा आहे. तेव्हा ‘बीटेक बंद’ किंवा ‘बीटेक चालू’ असं सरसकट कुणी म्हणालं तर दोन्हींवर विश्वास ठेवू नका. एकाच नावाच्या दोन कोर्सपैकी एकाचा निधी चालू आणि दुसऱ्याचा बंद असू शकतो. कॉलेजकडून कोर्सचं पूर्ण नाव आणि पात्रता क्रमांक मागा, आणि ईमेलवर एकच प्रश्न विचारा: सप्टेंबर २०२६ ला नव्यानं सुरू करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलासाठी हा क्रमांक निधीला मान्य आहे का? एक दिलासा असा की निधी काढतात तो नव्या प्रवेशांचा. एकदा सुरुवात केलेल्या मुलाला ते पूर्ण करू देतात. तुमच्या मुलाचा कल मला तरी ए लेव्हलकडे दिसतो, पण तो स्वतः हातानं काही करायला आसुसलेला असेल तर डिजिटल किंवा इंजिनिअरिंगचं टी लेव्हल नाकारू नका.

आता एक तारीख लक्षात ठेवा. मोठ्या कोर्सला मूल सुरुवातीचे ४२ दिवस टिकलं तरच कॉलेजच्या हिशेबात ते धरलं जातं. शिवाय कॉलेजला यंदा मिळणारे पैसे मागच्या वर्षीच्या मुलांच्या संख्येवर ठरतात. त्यामुळे वर्षाच्या मधे आलेल्या मुलाला घेण्यात कुणाला उत्साह नसतो. माझ्या भाच्याला नोव्हेंबरमध्ये जाणवलं की आपण चुकीच्या कॉलेजात आहोत. आम्ही दुसरीकडे फोन केले. एका ठिकाणी सांगितलं की जागा आहे पण पुढच्या सप्टेंबरला या. त्याचं एक वर्ष गेलं, आणि मी स्वतः या कामातली असून त्याला सप्टेंबरातच नीट विचारलं नाही, ही खंत मला अजून आहे. म्हणून पहिल्या तीन आठवड्यांनंतरच्या रविवारी मुलाला घेऊन बसा आणि विचारा: विषय बदलायचाय का, कॉलेज बदलायचंय का? जे करायचं ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्याच्या आत.

बर्सरीबद्दल, म्हणजे गरजू मुलांच्या मदतीबद्दल, थोडक्यात. पूर्वीचा ईएमए भत्ता इंग्लंडमध्ये २०११ ला बंद झाला. आता कॉलेजच्या हातात एक निधी असतो, त्यातून बसचा पास, पुस्तकं, लॅबचा कोट यासाठी गरजेनुसार मदत मिळते. उत्पन्नाची मर्यादा प्रत्येक कॉलेज ठरवतं. पगारपत्रकं दाखवून विचारा, नाही म्हणाले तर नाही.

या आठवड्यात एवढं करा. दहावीची मूळ गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र, अकरावीच्या घटक चाचण्यांचे गुण, शाळा सोडल्याचा दाखला एका फाइलीत लावा. दाखला मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर करून घ्या. ईएनआयसीचा अर्ज भरा. कॉलेजला ईमेल लिहा: गणिताची तुलना स्वीकाराल का, इंग्रजीला नोव्हेंबरला बसवाल का, आणि बायो की फिजिक्स हे पहिल्या तीन आठवड्यांत बदलता येईल का. जुन्या माहितीपत्रकांत ईएसएफए हे नाव दिसलं तर गोंधळू नका, ती निधी वाटणारी यंत्रणा मार्च २०२५ ला बंद होऊन काम शिक्षण खात्याकडे गेलं आहे. आणि हे सगळं फक्त इंग्लंडचं आहे. वेल्समधल्या कार्डिफच्या किंवा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या नातेवाइकांचा अनुभव इथं लावू नका.

ऑगस्टच्या शेवटी नावनोंदणीला जाल तेव्हा फाइल त्याच्या हातात द्या. इथं टेबलापलीकडचा माणूस आईवडिलांशी नाही, मुलाशी बोलतो. आपल्याला सवय नसते, आपण पटकन मधे पडून उत्तर देतो, आणि मुलगा खाली बघत राहतो. तुम्ही शेजारच्या खुर्चीत बसा. पहिल्या प्रश्नाला तो थोडा वेळ घेईल. तेवढा वेळ त्याला घेऊ द्या.